दगड, पाणी, हवा: तिघांना एकच कसोटी लावायची कशी

‘स्थायूला ठरावीक आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो.’ हा तक्ता मुलं घडाघडा म्हणतात. मग वाटीभर हळदपूड समोर ठेवून विचारावं, हे काय? पूड ओतता येते, वाटीचा आकार घेते. म्हणजे द्रव? इथे गाडी अडते, कारण तक्ता पाठ झालेला असतो, मोजून झालेला नसतो.

तुलना करायची तर तिघांना कसोटी एकच लावावी लागते. दगड ‘कडक’, पाणी ‘ओलं’ आणि हवा ‘न दिसणारी’ ही तुलना नव्हे, तीन वेगळ्या गोष्टींबद्दलची तीन वेगळी वाक्यं झाली. आणि कसोटी निवडताना सुरुवात वायूपासून करावी. जी कसोटी हवेवर चालते ती पाण्यावर आणि दगडावर चालतेच; उलटं मात्र होत नाही. शाळेतल्या बहुतेक प्रयोगांत हवेचा रकाना नुसत्या अंदाजाने भरला जातो. म्हणून खाली हवेवर जास्त वेळ घालवला आहे.

पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, ही दुसरी अडचण. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, सातारा सातशेच्या वर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. सांगलीत तो साधारण ९५ आणि साताऱ्यात ९३ असतो. वायूच्या बऱ्याच मापांत हा फरक दिसतो. मुलाचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून खोडण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

सामान

मेडिकलमधून २० मिलिलिटरच्या तीन सिरिंज आणा (सुया नकोत) आणि दोन मीटर सलाईनची नळी. एक किलोपर्यंत तोलणारा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा दगडाला आणि तेलाला पुरतो, हवेला पुरत नाही. १०० मिलिलिटरचं मोजपात्र. ० ते ११० अंशांचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. ताप बघायचा घेऊ नका, उकळत्या पाण्यात तो फुटतो. पाच नंबरचा फुटबॉल, पंप आणि पिन. शेंगतेल, काकवी, हळद, खायचा सोडा, व्हिनेगर घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल.

मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे) कृषी सेवा केंद्रात मिळतं. तासगाव, पलूस, मिरजेकडे द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण फवारतात, त्यासाठी ते लागतं. आपल्याला लागतात दहा-वीस ग्रॅम आणि दुकानदार तेवढं सुटं द्यायला कुरकुरतो, तेव्हा ओळखीच्या बागायतदाराकडे मागितलेलं बरं. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरायचं नाही आणि लोखंड-ॲल्युमिनियमचंही नाही. ते धातूला खातं. काच किंवा प्लॅस्टिक घ्या, नंतर हात साबणाने धुवा.

दाबून पाहणे

ही पहिली कसोटी, आणि सगळ्यांत उघड फरक हीच दाखवते.

१. पहिल्या सिरिंजचा दट्ट्या २० च्या खुणेवर आणा. आत फक्त हवा आहे. तोंड एम-सीलने बंद करा आणि पूर्ण कडक होऊ द्या. अंगठ्याने तोंड दाबून प्रयोग करतात, पण जोर वाढला की अंगठ्याखालून हवा निसटते आणि आकडा खोटा येतो.

२. दुसऱ्या सिरिंजमध्ये उकळून गार केलेलं पाणी २० मिली भरा. उकळायचं ते पाण्यात विरघळलेली हवा घालवण्यासाठी. तोंड वर धरून टिचक्या मारा, बुडबुडे वर आले की दट्ट्या किंचित रेटून बाहेर काढा, मग तोंड बंद करा.

३. तिसऱ्या सिरिंजमध्ये स्थायू. इथे खडू घालायची पद्धत आहे, पण खडू सच्छिद्र असतो आणि त्याच्याभोवती हवाही राहते. दट्ट्या आत जातो आणि मुलं लिहितात ‘स्थायू थोडा दाबला जातो’. त्याऐवजी सात-आठ गुळगुळीत खडे टाका आणि उरलेल्या जागेत उकळून गार केलेलं पाणी भरा. पाणी दाबलं जात नाही हे दुसऱ्या सिरिंजने दाखवलेलंच आहे. आता इथेही दट्ट्या हलला नाही तर खडाही दाबला जात नाही.

४. लाकडी ठोकळ्याला सिरिंजच्या मापाचं भोक पाडून ती उभी बसवा. दट्ट्यावर एकेक किलोची वजनं ठेवत जा.

सिरिंजचा आतला व्यास २० मिलिमीटर धरला (मोजून घ्या, कंपनीप्रमाणे थोडा बदलतो) तर एक किलोने साधारण ३१ किलोपास्कल जादा दाब पडतो. साताऱ्यात २० मिली हवा एका किलोला १५ मिलीच्या आसपास येते, दोन किलोंना १२, तीन किलोंना १०. तीन किलोंचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच भरतो, म्हणजे एकूण दाब दुप्पट आणि आकारमान निम्मं. पाण्याच्या सिरिंजला तेच वजन ठेवा, खूण जागची हलत नाही. हिशेबाने दोन किलोंना पाणी अर्ध्या हजाराव्या मिलिलिटरच्या आसपास आत जायला हवं. ते डोळ्याला दिसणं शक्य नाही.

आकडे जुळले नाहीत तर दोष बहुधा दट्ट्याच्या रबराचा. ते नळीला घासतं आणि एक-दोन मिलिलिटरचा गोंधळ घालतं. उपाय सोपा आहे: वजन ठेवल्यावर दट्ट्या बोटाने जरा खाली दाबून सोडा, आकडा लिहा; मग जरा वर उचलून सोडा, तो आकडा लिहा; दोन्हींची सरासरी घ्या. रबराला तेल लावू नका, ते फुगतं. साबणाच्या पाण्याचा एक थेंब बास.

पाण्याच्या सिरिंजमध्ये दट्ट्या अर्धा-एक मिली आत गेला तर पाणी दाबलं गेलं असं समजू नका, आत बुडबुडा राहिला आहे. सिरिंज उजेडात धरा, दट्ट्याच्या रबराच्या कडेला तो चिकटलेला सापडेल.

यामागचं कारण एका आकड्यात सांगता येतं. एक मिलिलिटर पाण्याची १०० अंशांना साधारण १,७०० मिलिलिटर वाफ होते. कण तेवढेच राहिले, जागा सतराशेपट झाली. १,७०० चं घनमूळ बारा; म्हणजे वाफेत दोन कणांमधलं अंतर पाण्यातल्या अंतराच्या सरासरी बारापट. दाबल्यावर कमी होते ती ही मोकळी जागा. पाण्यात आणि दगडात ती जवळपास नसतेच, म्हणून या कसोटीत दोघं एका बाकावर बसतात. द्रव हा स्थायू आणि वायू यांच्या ‘मधला’ असतो असं सरसकट सांगितलं जातं, ते इथे लागू पडत नाही.

घनता: दगड, तेल, काकवी आणि शेवटी हवा

दगड आपल्याकडे काळा पाषाणच, म्हणजे बेसॉल्ट. मुठीत मावेल असा, २५० ते ३०० ग्रॅमचा, भोकं नसलेला खडा घ्या. जांभा नको. तो पाणी पितो, बुडबुडे सोडत राहतो आणि काट्यावरचा आकडा ठरतच नाही. (कासच्या पठारावरून तर काहीच उचलून आणू नका, दगडही नाही.)

मोजपात्रात मोठा दगड मावत नाही, तेव्हा काट्यानेच आकारमान काढावं. दगड कोरडा तोलून घ्या. मग रुंद भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून धरा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर दगडाचं आकारमान. दगड स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारतो आणि तेवढ्याच पाण्याच्या वजनाने भांडं खाली दाबलं जातं, म्हणून हे जमतं. २९० ग्रॅमच्या खड्याला काटा १००–१०५ दाखवेल, घनता २.८ च्या आसपास आली. तळाला टेकला तर काटा एकदम मोठा आकडा दाखवतो, चूक लगेच कळते.

द्रवांना हे सगळं लागत नाही. रिकामं मोजपात्र काट्यावर ठेवून शून्य करा, १०० मिली भरा, वजन वाचा. पाणी १०० ग्रॅम, शेंगतेल ९१–९२, काकवी तिच्या घट्टपणाप्रमाणे १३५–१४०. काकवी एका भांड्यात मोजून दुसऱ्यात तोलायची नाही. पाच-सात ग्रॅम मोजपात्रालाच चिकटून राहते. पाण्याची पातळी वाचताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवा आणि वळणाचा खालचा भाग वाचा.

आता हवा. काठीच्या दोन टोकांना दोन फुगे, एक फुगवलेला आणि एक रिकामा, हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी असतो. त्यातून हवेची घनता काढू नये. फुगवलेला फुगा जितकी हवा आत घेतो जवळपास तितकीच बाहेरची हवा बाजूला सारतो, म्हणजे आतल्या हवेचं वजन उचलून धरलं जातं. तीन लिटरच्या फुग्यात जी किंचित जास्त दाबलेली हवा असते तिचं वजन एक दशांश ग्रॅमच्या घरात भरतं. काठी झुकते ती त्यावर. पाण्याने भरलेली पिशवी पाण्यात तोलून पाण्याचं वजन काढण्यासारखाच हा प्रकार.

यासाठी आकारमान न बदलणारं भांडं हवं, आणि फुटबॉल त्या कामाला चांगला. पाच नंबरच्या बॉलचा घेर ६८–७० सेंटिमीटर असतो, आत साधारण साडेपाच लिटर जागा.

बॉलमध्ये बारा पौंड दाबापर्यंत हवा भरा. पंप मारताना हवा तापते, म्हणून पंधरा मिनिटं थांबा. बॉल कोरडा पुसून काट्यावर (बांगडीवर ठेवला की घरंगळत नाही) ०.१ ग्रॅमपर्यंत तोला. एका बादलीत पाणी घ्या. एक लिटरची खूण केलेली बाटली पाण्याने काठोकाठ भरून बादलीत उपडी धरा. पिनला सलाईनची नळी जोडून तिचं दुसरं टोक बाटलीच्या तोंडात घाला, मग पिन बॉलमध्ये घाला. हवा बाटलीत शिरते, पाणी उतरतं. खुणेजवळ आलं की नळी चिमटा. बाटलीतली आणि बादलीतली पाण्याची पातळी एक रेषेत आणूनच एक लिटर पूर्ण झाला म्हणायचं, नाहीतर आतला दाब बाहेरच्याइतका नसतो. असे तीन लिटर सोडा. पिन काढा, बॉल पुन्हा पुसा, तोला.

साताऱ्यात २५ अंश तापमानाला तीन लिटरमागे वजन ३.२ ते ३.३ ग्रॅम कमी व्हायला हवं, म्हणजे लिटरला साधारण १.१ ग्रॅम. सांगलीतही एवढंच, तुसभर जास्त. पुस्तकात १.२ किंवा १.२९ लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं; १.२९ तर शून्य अंशांचं.

फसतं कुठे? बॉलवर पाण्याचा थेंब राहिला तर ०.०५ ग्रॅम तिथेच गेलं, आणि तीन-चार थेंब म्हणजे सगळा हिशेब बिघडला. बॉल नरम पडेपर्यंत हवा सोडली तर तो आक्रसतो, कमी हवा बाजूला सारतो आणि काट्यावर जड दाखवतो. घेर एक सेंटिमीटर कमी झाला तरी आकारमान पाव लिटरच्या आसपास घटतं आणि उत्तर आठ टक्क्यांनी चुकतं. बारा पौंडांतून तीन लिटर गेल्यावर चार-पाच पौंड उरतात, तिथेच थांबा. लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या बॉलवर हा प्रयोग करू नका, तो फुगतो-आक्रसतो फार.

आता तिन्ही आकडे शेजारी लिहा: एक लिटर पाषाण २.८ किलो, एक लिटर पाणी १ किलो, एक लिटर हवा १.१ ग्रॅम. दगड आणि पाण्यात तिपटीचाही फरक नाही, पाणी आणि हवेत नऊशेपट.

वाहणे

स्टीलच्या ताटात एका ओळीत पाणी, शेंगतेल आणि काकवीचा एकेक चमचा घाला आणि ताट तिरकं करा. पाणी केव्हाच पोचलेलं असतं, काकवी अजून ‘बघते’ म्हणते. तेलाचा घट्टपणा पाण्याच्या साठपटीच्या आसपास असतो. काकवीची वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा करा, फरक डोळ्यांत भरतो. वायूत मात्र उलटं घडतं: हवा तापवली की तिचा घट्टपणा किंचित वाढतो.

हळदपुडीचा प्रश्न इथे सुटतो. पेल्यात पूड आणि दुसऱ्या पेल्यात पाणी घेऊन दोन्ही तिरके करा. पाण्याचा पृष्ठभाग आपोआप आडवा होतो, पुडीचा होत नाही. ताटात ओतली तर पुडीची रास होते, पाण्याची रास कोणी पाहिली आहे? पुडीचा प्रत्येक कण स्थायूच आहे. वाटीचा आकार घेते ती रास. वाळूवर हेच मोजूनही दाखवता येतं. १०० मिली कोरड्या वाळूत वरून पाणी ओतत जा. वाळूच्या पातळीपर्यंत पाणी यायला ३५–४० मिली लागतं. तेवढी हवा कणांच्या फटीत होती. माप ठोकून भरलं की जास्त माल बसतो तो याच फटींमुळे, आणि बाजारात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

वायू वाहतो हे दाखवायला पाण्याच्या उंच जगमध्ये एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, खायचा सोडा घ्या. त्यावर १०० मिली व्हिनेगर सावकाश घाला. साधारण दीड लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जगातच बसून राहतो. पंखा बंद करा. फेस बसू द्या. शेजारच्या रुंद भांड्यात दोन मेणबत्त्या पेटवा, एक चार सेंटिमीटरची आणि एक दहाची. जग असा कलवा की आतलं व्हिनेगर काठापर्यंत येणार नाही, पण वरचा वायू भांड्यात ओतला जाईल. आधी बुटकी विझते, मग उंच. ओतताना काही दिसत नाही. पाण्यासारखी पातळी चढत जाते ती मेणबत्त्यांवरून कळते. स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड असतो आणि गळती झाली तर असाच फरशीलगत साठतो. म्हणून वास आला की आधी दारं उघडायची, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

उदबत्तीचा धूर वायू म्हणून दाखवू नका. ते बारीक स्थायू आणि द्रव कण असतात. भांड्यावर दिसणारी पांढरी ‘वाफ’ही वाफ नसते. किटलीच्या तोटीला नीट पाहा: तोटीपाशी एक-दोन सेंटिमीटर काहीच दिसत नाही, तिथे खरी वाफ आहे, पुढचा पांढरा लोट म्हणजे गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात उतरणारं धुकंही तसंच.

तापल्यावर फुगणे

एक लिटर लोखंड, एक लिटर पाणी आणि एक लिटर हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर नेली तर लोखंड साधारण १ मिलिलिटरने वाढतं, पाणी १३ ने, हवा ९९ ने. हा एवढा फरक असल्यामुळे तिघांना एकच बाटली वापरून चालत नाही, प्रमाण बदलावं लागतं.

१०० मिलीची काचेची बाटली, रबरी बूच आणि बुचातून जाणारी ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घ्या. रंगीत पाणी काठोकाठ भरून बूच बसवा, पाणी नळीत थोडं चढेल. तिथे खूण करा. बाटली ५० अंशांच्या पाण्यात ठेवा. पहिल्या काही सेकंदांत पातळी किंचित खाली जाते. गळती नाही ती. काच आधी तापते आणि फुगते, पाणी मागून. मग पातळी चढू लागते आणि २० अंशांच्या वाढीला साडेपाच-सहा सेंटिमीटरवर थांबते. पाण्यात बुडबुडा राहिला असेल तर हा आकडा भलताच मोठा येतो.

हवेसाठी तीच बाटली रिकामी, कोरडी. नळीत मधोमध रंगीत पाण्याचा एक सेंटिमीटरचा थेंब अडकवा, नळी आडवी ठेवा. गरम पाणी नको. नुसते तळवे बाटलीला लावा. एका अंशाला थेंब अडीच सेंटिमीटर सरकतो. पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवलीत तर थेंब नळीबाहेर उडून भिंतीवर जाईल.

लोखंडाची १० सेंटिमीटरची पट्टी २० अंशांनी तापवली तर ०.०२४ मिलिमीटर वाढते. फूटपट्टीने कळणार नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव (लोखंडी पट्टा) चढवायचे ते आठवावं. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची धाव गोवऱ्यांत लाल होईपर्यंत तापवली की व्यास सात-आठ मिलिमीटरने वाढतो, चाकावर बसते, पाणी मारलं की आवळते. आता ऊसवाहतुकीच्या गाड्यांनाही रबरी टायर आले.

आपोआप मिसळणे

उंच काचेच्या पेल्यात पाणी भरून तासभर स्थिर होऊ द्या. जाड नळी तळापर्यंत घाला, तिच्यातून मोरचुदाचा हरभऱ्याएवढा खडा सोडा आणि नळी अगदी सावकाश काढा. झाकून, उन्हापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. निळा रंग एक सेंटिमीटर वर चढायला साधारण एक दिवस लागतो. दहा सेंटिमीटरला दहा दिवस नाही, शंभर दिवस. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. संध्याकाळपर्यंत सगळा पेला निळा झाला असेल तर कोणीतरी पेला हलवला आहे.

वायूसाठी ‘उदबत्ती लावली, वास पसरला’ हा दाखला सर्रास दिला जातो. खरं तर निव्वळ विसरणाने, म्हणजे कण आपोआप पसरण्याने, वासाला पाच मीटर जायला दोन आठवडे लागतील. वास मिनिटाभरात येतो तो खोलीतल्या झुळकीमुळे. झुळूक बंद करायची तर नळी हवी, आणि इथे सांगलीची हळद कामाला येते. गाळणकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. एक सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब पारदर्शक नळीत दर पाच सेंटिमीटरला एक ओलसर पट्टी चिकटवा. कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर अमोनियम सल्फेट खत आणि तेवढाच ओला चुना कालवून नळीच्या एका टोकाला लावा, दोन्ही टोकं बंद करा. (युरिया चालत नाही, चुन्याबरोबर लगेच अमोनिया देत नाही.) पहिली पट्टी मिनिट-दोन मिनिटांत तांबूस तपकिरी होते, पुढच्या पट्ट्यांना वाढता वेळ लागतो, प्रत्येकीची वेळ घड्याळाने लिहा. खिडकी उघडी ठेवा आणि नळीत नाक घालू नका.

स्थायूचा प्रयोग म्हणजे थांबणं. कोरड्या मिठात मोरचुदाचा खडा पुरून महिनाभर ठेवा, निळा डाग सरकत नाही. हे मार्च-एप्रिलमध्ये करा. जूननंतर मीठ ओल धरतं, रंग पसरतो, आणि मग तुम्ही द्रवातलं विसरण पाहत असता.

अवस्था बदलताना

थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात तपासा, शून्य दाखवायला हवा. मग उकळत्या पाण्यात तळाला न टेकवता धरा. सांगलीत ९८ च्या आसपास, साताऱ्यात साडेसत्त्याण्णव, महाबळेश्वरात साडेपंचाण्णव. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश उतरतो.

२०० ग्रॅम कुटलेला बर्फ घेऊन दर मिनिटाला वाचन घ्या आणि मधूनमधून ढवळा. बर्फ शिल्लक असेपर्यंत पारा शून्यावरून हटत नाही. तुपावर हे केलं तर असा सपाट टप्पा सापडत नाही, कारण तूप अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण आहे, ते हळूहळू सैल होतं.

गोठताना पाणी फुगतं: २०० मिली पाण्याचा साधारण २१८ मिली बर्फ होतो, म्हणून फ्रीजरमध्ये काचेची बाटली भरून ठेवू नये. तूप, मेण, खोबरेल मात्र आक्रसतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी बाटली आपोआप थिजलेली मिळते. थिजलेला एक गोळा पातळ खोबरेलात टाका, बुडतो. बर्फ पाण्यात टाका, तरंगतो. ‘स्थायू द्रवापेक्षा जड’ हे वाक्य वहीत असेल तर त्यापुढे ‘पाणी आणि काही मोजके पदार्थ सोडून’ लिहून ठेवा.

गूळ या तक्त्यात बसायला नाखूश असतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस १०५–१०६ अंशांवर उतरवला तर काकवी, ११८ च्या आसपास नेला तर ढेप. फरक फक्त आत उरलेल्या पाण्याचा. त्याला बर्फासारखा नेमका द्रवणांक नाही, तापवला की मऊ होत जातो. श्रावणात डब्यातला गूळ ओला झाला की ‘वितळला’ म्हणतात. तो वितळलेला नसतो, हवेतली ओल खाऊन पाघळलेला असतो. पारखायचं असेल तर १०० ग्रॅमचा खडा उघड्या ताटलीत ठेवून रोज सकाळी ताटलीसकट तोला. वितळणाऱ्या पदार्थाचं वजन बदलत नाही. पाघळणारा गूळ पावसाळ्यात दिवसागणिक जड होत जातो.